हलगी पाहिजे, हलगीवाला नको

कुठलाही सॉफ्टवेअर सिंथ उघडा, एका कोपऱ्यात चार-आठ मोठे नॉब ठेवलेले असतात. त्यांना मॅक्रो म्हणतात. व्हायटलमध्ये चार आहेत, सर्ज एक्सटीमध्ये आठ. एक मॅक्रो फिरवला की आतले पाच-दहा पॅरामीटर एकदम हलतात. फिल्टर उघडतो, नॉइज वाढतो, पिच सरकतो, रिव्हर्ब मागे जातो. कुठला पॅरामीटर किती हलणार आणि कुठल्या दिशेनं, हे ज्यानं मॅक्रो लावला त्यानं ठरवलेलं असतं. आपण फक्त फिरवतो आणि 'भारी वाजतंय राव' म्हणतो.

माझं भांडण या 'फक्त फिरवतो'शी आहे.

आमच्याकडे, म्हणजे केज तालुक्यातल्या नांदूरघाटपासून पुण्यातल्या भाड्याच्या खोल्यांपर्यंत, सेकंडहँड लॅपटॉपवर गाणी बनवणारी पोरं आता कमी नाहीत. जयंतीची गाणी, देवीची गाणी, लग्नाचे रिमिक्स. सगळ्यांना हलगी पाहिजे. आणि ती येते कुठून? 'इंडियन पर्कशन' छापाच्या पॅकमधून, बहुतेकदा क्रॅक केलेल्या. प्रीसेट लोड करा, मॅक्रोंची नावं वाचा: 'एपिक', 'डर्ट', 'वाइड'. हलगी एपिक होते म्हणजे नक्की काय होतं? ज्यानं हे नाव दिलं त्यानं हलगी शेकताना कधी बघितली नसावी, एवढं मात्र पॅच उघडून बघितल्यावर कळतं. 'एपिक' फिरवला की रिव्हर्ब वाढतो आणि खाली बासचा धप्पा येतो. बस. म्हणजे हलगीला ढोल करायचा नॉब.

हलगी शेकतात का? कातडं हवेतला ओलावा पितं आणि सैल पडतं. जाळापुढं धरलं की ओलावा उडतो, कातडं ताणलं जातं, सूर चढतो, आवाज टणक होतो. वाजवणारा बोटानं टिचकी मारून बघतो, पुन्हा जाळाकडं धरतो. पावसाळी संध्याकाळी हे दर थोड्या वेळानं करावं लागतं. आता इंजिनिअरच्या नजरेनं बघा. जाळ हे एकच इनपुट, आणि त्याच्यामुळं बदलतात चार गोष्टी: पिच, वरच्या स्वरांशांची धार, ठोक्याची टोकदारी आणि पोटातला घुमारा. हा मॅक्रोच झाला की. फक्त त्याचं खरं नाव 'ताप' आहे.

तो लावायला काही लागत नाही. व्हायटल २०२० पासून फुकट मिळतो, क्रॅक शोधायचीही गरज नाही. एका ऑसिलेटरवर कातड्याचा सूर घ्या, त्याच्या पिचला अगदी छोटा, झपकन उतरणारा एन्व्हलप द्या. सॅम्पलरमध्ये व्हाइट नॉइज ठेवा, हा काडीचा आवाज. हलगीवर एका हातात जाड टिपरू असतं, दुसऱ्यात बारीक लवचिक काडी. दोन्हींचा नॉइज सारखा नसतो, म्हणून वेलॉसिटी नॉइजच्या फिल्टरला जोडा. मग पहिल्या मॅक्रोचं नाव 'ताप' करा आणि तो ओढून एकेका नॉबवर सोडा. पिचला तीन-चार सेमीटोन. फिल्टरच्या कटऑफला बऱ्यापैकी. नॉइजच्या पातळीला थोडं. आणि घुमाऱ्याच्या ऑसिलेटरला उणे, कारण कातडं तापलं की खालचा आवाज कमी होतो. हे उणे लावणं नव्वद टक्के लोक विसरतात असं म्हणणार होतो, पण आकडा माझ्याकडं नाही. ऐकण्यात मात्र सतत येतं. सगळंच वाढत गेलं की मॅक्रो व्हॉल्यूमचा भाऊ होऊन बसतो.

दुसरी गोष्ट वळणाची. मॅक्रो डीफॉल्टमध्ये सरळ रेषेत चालतो, कातडं तसं चालत नाही. माझ्या कानाला तरी असं वाटतं की सुरुवातीला फार काही होत नाही, मग एकदम चढतं, आणि शेवटी थांबतं. मॉड्युलेशन मॅट्रिक्समध्ये प्रत्येक जोडणीला रीमॅपचं वळण देता येतं. पिचचं वळण वेगळं, नॉइजचं वेगळं. अर्धा तास जातो. पण त्या अर्ध्या तासात ते तुमचं वाद्य होतं.

चौंडक्याला तर मॅक्रो आधीपासूनच आहे. जोगत्यांच्या हातातली ती तार ताणली की सूर चढतो, सोडली की उतरतो, आणि सूर चढताना आवाजाचा रंगही बदलतो. 'ओढ' नावाचा मॅक्रो करा. इथं एक अडचण येते. साधा मिडी कंट्रोलर १९८३ च्या मिडीप्रमाणं ० ते १२७ एवढेच आकडे पाठवतो. 'ओढ'ला एक सप्तक दिलं तर १२०० सेंट १२७ पायऱ्यांत वाटले जातात, म्हणजे एका पायरीला साडेनऊ सेंटच्या आसपास. काही प्लगइन ते घासून गुळगुळीत करतात, तरी हळू ओढीत जिना ऐकू येऊ शकतो. म्हणून ओढ पिच बेंडला जोडा, तिथं १६,३८४ पायऱ्या असतात; किंवा थेट डॉमध्ये ऑटोमेशनची रेघ काढा.

'आपल्या संगीताला हे मशिन चालतच नाही' म्हणणाऱ्यांनी १९८२ ची एक रेकॉर्ड ऐकावी. मुंबईचे चरणजित सिंग हिंदी सिनेमाचे सेशन वादक. रोलंडचा ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ घेऊन त्यांनी डिस्को बीटवर दहा राग वाजवले. ३०३ हे यंत्र बास गिटारची साथ करायला म्हणून विकलं जात होतं. सिंग यांनी त्याच्या स्लाइडमध्ये मींड शोधली. त्यांना कुणी 'इंडियन' नावाचा प्रीसेट दिला नव्हता. रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर युरोपातले लोक म्हणायला लागले की हे तर अॅसिड हाउसच्या आधीचं अॅसिड हाउस. आपण आजही त्या लोकांनी म्हटल्यावरच ऐकतो, हा वेगळा राग.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: 'डीजेच्या भिंतीसमोर एवढं कोण ऐकतंय?' हलगीवाला ऐकतो. मिरवणुकीत पंधरा फुटी स्पीकरच्या बाजूला, गळ्यात हलगी अडकवून, वाजवायची पाळी न आलेला माणूस मी बघितलाय. स्पीकरमधून हलगीच वाजत होती.

आणि इथं प्रश्न नुसत्या आवाजाचा राहत नाही. हलगी आपल्याकडं मुख्यतः मातंग समाजाच्या हातात राहिली आहे. त्या हाताला गावानं मान दिला नाही, सुपारी दिली तीही हात राखून. काहींनी आत्मसन्मानापोटी वाजवणंच सोडलं, आणि ते बरोबरच केलं. आता तोच आवाज 'रॉ', 'रूटेड' म्हणून फॅशनमध्ये आलाय. हलगी पाहिजे, हलगीवाला नको. पॅक हे काम स्वच्छ करून देतं: आवाज मिळतो, माणूस भेटत नाही, जात विचारावी लागत नाही, पैसे द्यावे लागत नाहीत.

'मग तूही सिंथमध्ये हलगी बनवून तेच करतोस ना?' हा प्रश्न वाजवी आहे. कायदा इथं कामाला येत नाही. वाजवणाऱ्याच्या रेकॉर्ड केलेल्या सादरीकरणाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क आहे, २०१२ च्या दुरुस्तीनं रॉयल्टीची बाजूही आली. पण आवाजाच्या स्वभावाची नक्कल केली तर तिथं कुणाचाच हक्क लागत नाही. 'ताप'ची वरची मर्यादा साडेतीन सेमीटोन की पाच, हे तुमच्या खोलीत बसून ठरत नाही. कातडं कुठल्या टोकाला फाटायला येतं, वाजवणारा जाळापासून मागं कधी सरकतो, हे त्याच्याकडं जाऊनच कळतं. म्हणजे जायचं, त्याच्या वेळेचे पैसे जाण्याआधी ठरवायचे, एखाद्या वादकाला स्टुडिओत देतो तेवढे. पॅचच्या माहितीत जिथं 'ऑथर' लिहिलेलं असतं तिथं त्याचंही नाव टाकायचं, त्याला विचारून. गाण्यात चार ओळींची जागा असेल तर सिंथ म्यूट करून त्यालाच वाजवू द्यायचं.

आणि मॅक्रोचं नाव त्यालाच विचारायचं. 'ताप' हे मी दिलेलं आहे. तो कदाचित वेगळंच काही म्हणत असेल.