टॅपेट गप्प झाले की घाबरा!

दसऱ्याला महाराजांची मेबॅक निघाली की अख्खं कोल्हापूर बघत उभं राहतं. आपल्या दारात मेबॅक नसेल, पण आजोबांची पेट्रोल अँबॅसिडर आहे ना? मग दोस्तांनो, रविवारी बॉनेट उघडाच. आणि कानही!

वरून टक-टक येतंय? टॅपेटचा गॅप वाढलाय. कटकट आहे, पण लगेच जिवावरचं नाही. मला भीती वाटते ती गप्प झालेल्या इंजिनाची. 2000 साली शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. या गाडीच्या बिडाच्या हेडमध्येच कोरलेल्या व्हॉल्व्ह सीटना शिशाचाच आधार होता. आता सीट झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो, गॅप संपतो, आवाज थांबतो. आपण खूश! तिकडे व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, तापतो आणि शेवटी जळतो.

म्हणून गॅप तपासत राहा. युक्ती सोपी, बेरीज नऊ! आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला सेट करा, सातवा उघडला की दुसरा. फिलर गेज किंचित अडत सरकायला हवा. आकडा मात्र मॅन्युअलमधलाच. इंजिन गरम हवं की थंड, तेही तिथेच बघा.

तरीही गाडी दम टाकतेय? कॉम्प्रेशन मोजा. मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा झिजल्यात. नाही वाढलं तर बहुधा व्हॉल्व्ह. मग हेड उतरवा, उद्यमनगर गाठा आणि कडक सीट बसवून घ्या. खर्च एकदाच. पुढे नाद खुळा!