एका टेबलावर दोन परवाने

‘परमिट रूम’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यातील ‘परमिट’ कशाचे, असा प्रश्न आता कुणाला पडत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मद्यपान हा नागरिकाचा सहज अधिकार मानला नाही. तो परवान्याचा विषय ठरविला. पुढे बंदी सैल होत गेली, दुकाने वाढली, परंतु परवान्याचे तत्त्व कायद्यात राहिले. दुसरा परवाना शस्त्राचा. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि बंदूक वा पिस्तूल बाळगणे हाही अधिकार नसून शासनाने दिलेली सवलत आहे, हे त्याने स्पष्ट केले. या दोन्ही सवलती शासन स्वतंत्रपणे देते, स्वतंत्रपणे तपासते. मात्र हे दोन परवाने एकाच माणसाच्या खिशात, एकाच रात्री, एकाच टेबलाशी येऊन बसले तर काय, याचा विचार स्पष्ट शब्दांत कुठेच केलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. माझा एक जुना विद्यार्थी महामार्गालगतच्या एका परमिट रूममध्ये रात्री गल्ल्यावर बसतो. दिवसा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याने सांगितलेली हकिकत साधी आहे. एक नेहमीचे, प्रतिष्ठित गिऱ्हाईक जेवायला आले. बसताना अडचण होते म्हणून त्यांनी कमरेचे पिस्तूल काढले आणि ताटाशेजारी ठेवले. त्यांनी कुणाला धमकावले नाही, आवाजही चढविला नाही. परंतु शेजारची दोन टेबले अर्ध्या जेवणावरून उठली आणि त्या रात्री त्यांच्याकडे बिल घेऊन जाण्यास कोणीही वेटर तयार झाला नाही. “सर, मागणी होती, पुरवठा होता, पण किंमत शून्य झाली. हे कुठल्या प्रकरणात बसते?” असे त्याने मला हसत विचारले. त्या हसण्यात भीती होती, ती मला ऐकू आली.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. कारखान्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराची किंमत कारखानदार मोजत नाही, शेजारी मोजतो. तसाच हा प्रकार आहे. पिस्तुलामुळे मिळणारी सुरक्षिततेची भावना मालकाची. तिची किंमत मात्र वेटर, गल्ल्यावरचा पोरगा आणि शेजारच्या टेबलावरचे कुटुंब चुकविते. ज्या व्यवहारात लाभ एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची असते, तेथे ‘सामंजस्याने घ्या’ एवढा उपदेश पुरत नाही. नियम करावा लागतो.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. शस्त्र परवान्याबरोबर काही अटी येतात. जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, अन्य सार्वजनिक जमावात आणि शिक्षणसंस्थेच्या आवारात खास अनुमतीवाचून शस्त्र नेऊ नये, अशी त्यांतील एक अट आहे. ती योग्यच आहे. परंतु या यादीत मद्य विकल्या जाणाऱ्या जागेचे नाव नाही. ज्या कॉलेजात विद्यार्थी पुस्तके घेऊन येतात तेथे पिस्तूल नको, हे नियमकर्त्यांना सुचले. जेथे माणसे मुद्दाम आपला संयम सैल करण्यासाठी जातात ती जागा मात्र नावानिशी लिहावी असे वाटले नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते योग्य म्यानात आणि पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे. शस्त्राचे प्रदर्शन होऊ नये, हा त्यामागील हेतू चांगला आहे. पण त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, कायदा पाळणाऱ्या माणसाजवळ पिस्तूल आहे हे वेटरला कळणारच नाही. ते कळेल ते बाहेर आल्यावरच. रस्त्यावर झाकलेले शस्त्र सुरक्षित असेल. मद्यालयात झाकलेले शस्त्र ही इतरांच्या अज्ञानावर उभी केलेली जोखीम आहे.

आपल्या कायद्याचे आणखी एक आश्चर्य सांगतो. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे आहे. बिअर आणि वाइनसाठी २१. शस्त्र कायद्याची किमान वयोमर्यादाही २१ च आहे. म्हणजे बावीस वर्षांच्या ज्या तरुणाच्या हाती व्हिस्कीचा पेला देणे शासनाला जोखमीचे वाटते, त्याच्या हाती पिस्तूल देण्यास वयाची आडकाठी नाही.

असे प्रसंग क्वचितच घडतात, असे कोणी म्हणेल. क्वचित घडतात हे मान्य. परंतु घडतात तेव्हा काय होते ते देशाने पाहिले आहे. २९ एप्रिल १९९९ च्या रात्री दिल्लीत मेहरौलीजवळच्या एका उपाहारगृहातील समारंभात जेसिका लाल ही तरुणी मद्य देण्याचे काम करीत होती. मद्य बंद झाले आहे, आता मिळणार नाही, एवढेच तिचे उत्तर. त्यासाठी तिच्यावर गोळी झाडली गेली. ज्याच्यावर खटला चालला त्याच्याजवळ .२२ पिस्तुलाचा रीतसर परवाना होता. ते पिस्तूल मात्र पोलिसांच्या हाती कधीच लागले नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना सोडले, लोकक्षोभ उसळला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या खटल्याची चर्चा साक्षीदार आणि सत्ता या अंगाने पुष्कळ झाली. पण गोळी लागली ती कुणा शत्रूला नव्हे, तर मद्य वाढणाऱ्या व्यक्तीला, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. मद्यालयातील शस्त्रासमोर सर्वांत आधी उभा असतो तो तेथे काम करणारा.

डिसेंबर २०१६ मध्ये पंजाबातील मौड मंडी येथे लग्नाच्या समारंभात मंचावर नाचणाऱ्या तरुणीचा गोळी लागून मृत्यू झाला. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये दौंड तालुक्यात चौफुल्याजवळच्या एका कलाकेंद्रात गोळीबार झाल्याचे प्रकरण गाजले आणि गुन्हा नोंदला गेला. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु ती गोळी सुटल्यानंतर जागी होते. प्रश्न गोळी सुटण्यापूर्वीचा आहे.

दारू आणि वाहन यांच्या बाबतीत आपण ही चूक केलेली नाही. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर चालकाने कुणाला धडक दिली आहे काय, हे विचारले जात नाही. चाकामागे बसणे हाच गुन्हा ठरतो. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या आपल्या भागातही केवढी धावपळ उडाली, हे वाचकांना आठवत असेल. पुढे त्या आदेशाला सवलती मिळाल्या. पण दारू आणि सुकाणू यांत अंतर हवे, हे तत्त्व कोणी नाकारले नाही. मोटार हे प्रवासाचे साधन आहे, अपघाताने ती मारते. पिस्तुलाचे तर कामच मारण्याचे. मग दारू आणि चाप यांत अंतर का नको?

शासनाला हे कळत नाही असेही नाही. निवडणूक आली की छाननी करून परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात आणि मतदान संपेपर्यंतचे ४८ तास मद्यविक्री बंद राहते. म्हणजे शस्त्र आणि मद्य ही दोन्ही शांततेला घातक ठरू शकतात, हे शासन त्या दिवसांत मान्य करते. मतदानाच्या दिवशी मताची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी उरलेल्या दिवसांत मतदाराच्या जिवाची घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

विरोधी बाजूचे तीन आक्षेप विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, गुंड परवाना काढत नाहीत. ते गावठी कट्टा वापरतात. नियमाचा काच होईल तो सज्जनाला. हे खरे आहे. पण हा नियम गुंडासाठी नाहीच, त्याच्यासाठी दुसरी कलमे आहेत. हा नियम सज्जनासाठीच आहे, तो सज्जन तिसऱ्या पेल्यापर्यंत पोहोचलेला असताना. परवाना देताना पोलिसांचा अहवाल मागवतात तो शुद्धीवर असलेल्या माणसाविषयी. मद्याचा अंमल चढू लागला की विवेक आणि संयम आधी सैल होतात. अहवालातील माणूस आणि खुर्चीतील माणूस मग एक राहत नाही.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. रोकड वा सोने घेऊन फिरणाऱ्याने वाटेत जेवायचे कोठे? कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा मिळण्यासाठी परमिट रूमच गाठावी लागते, असे आपल्या शहराचे दारिद्र्य नाही. मद्य न मिळणाऱ्या खानावळी गल्लोगल्ली आहेत. जोखमीचा माल आणि शस्त्र जवळ असताना मद्यालय टाळणे, हा तर व्यापाऱ्याचाही हिताचा हिशेब आहे.

तिसरा आक्षेप अमेरिकेकडे बोट दाखवितो. शस्त्र जवळ असू द्या, फक्त पिऊ नका, अशी तडजोड तेथील काही राज्यांनी केली. टेनेसीने २००९ मध्ये राज्यपालांचा नकाराधिकार डावलून असा कायदा केला. त्याच वर्षी ॲरिझोनाने मद्यालयात झाकलेले शस्त्र नेण्याची मुभा दिली, मात्र मालकाने दारावर मनाईची पाटी लावली तर ती मानावी लागते. या तडजोडीची अडचण सरळ आहे. कोण पितो आणि कोण पीत नाही, हे पाहणार कोण? पुन्हा तो वेटरच. ज्याचे पिस्तूल दिसत नाही त्याला ‘आपण पिऊ नये’ असे सांगण्याचे काम त्याच्यावर टाकणे ही क्रूर थट्टा आहे. आणि गंमत अशी की, ज्या ‘वाइल्ड वेस्ट’चा वारसा तेथे अभिमानाने सांगितला जातो, त्या काळातील डॉज सिटीसारख्या गावांत शस्त्र घेऊन फिरण्यास मनाई होती. १८८१ मध्ये टूमस्टोन येथे झालेली प्रसिद्ध चकमक तशाच मनाईच्या अंमलबजावणीवरून पेटली.

शस्त्राविषयी आकस म्हणून मी हे लिहीत नाही. कोल्हापूरच्या माणसाला तो शोभणारही नाही. दसरा चौकात सोने लुटणारे, मर्दानी खेळात दांडपट्टा फिरविणारे हे शहर आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळविले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिक कांस्यपदक आणले. ज्यांनी बंदुकीला प्रतिष्ठा दिली ते तिच्याजवळ किती शिस्तीने वागतात, हे नेमबाजी केंद्रात जाऊन पाहावे: नळीची दिशा लक्ष्याकडेच आणि आज्ञा होईपर्यंत शस्त्र रिकामे. चंदगड-आजऱ्याकडच्या शेतकऱ्याला डुकरांपासून पीक राखण्यासाठी बंदूक लागते, तीही समजण्यासारखी आहे. शेतातली बंदूक शेतात शोभते. पेल्याशेजारी ती कुणाचेही रक्षण करीत नाही.

करावयाचे ते अवघड नाही. परवान्याच्या अटींत जत्रा, मिरवणूक आणि शिक्षणसंस्था यांच्या जोडीला ‘जेथे मद्य प्यायला दिले जाते अशी जागा’ एवढे शब्द केंद्राने घालावेत. मद्यविक्रीच्या परवान्यात राज्याने दारावर ठळक मनाईची पाटी सक्तीची करावी, आणि शस्त्रधारी गिऱ्हाइकाला सेवा नाकारणाऱ्या नोकराला संरक्षण द्यावे. शस्त्र गल्ल्यावर जमा करून घेण्याची सोय मात्र नको. मद्यालयाचे शस्त्रागार करण्यात शहाणपण नाही. मद्याच्या अमलाखाली शस्त्र जवळ बाळगणे, मग ते बाहेर काढलेले नसले तरी, चालकाप्रमाणेच गुन्हा ठरावा. कायदा बदलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. सार्वजनिक शांततेसाठी व सुरक्षिततेसाठी परवाना स्थगित वा रद्द करण्याचा अधिकार शस्त्र कायद्याच्या १७ व्या कलमाने आजच दिलेला आहे. जिल्हा प्रशासनाने एक-दोन प्रकरणांत तो निर्धाराने वापरला तरी संदेश सर्वदूर जाईल.

या सर्वांचा खर्च किती? एक पाटी, नियमातील एक ओळ आणि काही मानी माणसांचा थोडा रुसवा. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते मोजता येत नाही, कारण गेलेला जीव कुठल्याच हिशेबात परत जमा होत नाही. नुकसान भरून न येणारे असेल तेव्हा त्याची शक्यता थोडी आहे, या युक्तिवादाला अर्थशास्त्रातही फारसे वजन नसते.

माझा तो विद्यार्थी अजून गल्ल्यावर बसतो. परीक्षा सुटेपर्यंत त्याला तेथे बसावे लागेल. त्याच्यासारखी कित्येक मुले आज रात्रीही ताटे वाढतील, बिले नेतील. टेबलावरच्या माणसाच्या कमरेला काय आहे, याचा अंदाज घेत बिल मागण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये. माणसाने एका वेळी एकच परवाना वापरावा. दुसरा घरी, कुलपात ठेवून यावा.