पेटीवर बसायचं कोणी?

चतुर्थीत आमच्या मालवणात घरोघरी भजनं रंगतात. पेटीवर बुवा, आणि आम्ही बायका आत उसळ-चहाच्या गडबडीत! पंचेचाळिशीत मी पेटी शिकायला घेतली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता ह्या वयात ह्यां कित्याक गो?" मीही बिचकलेच.

पण गंमत बघा. पेटीत हवेवर थरथरणारी ती पितळी पत्ती, तिचं तत्त्व चीनच्या 'शंग' ह्या बांबूच्या प्राचीन वाद्यातलं. ते युरोपात पोचलं, १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये त्याची हार्मोनियम झाली आणि पुढे ती आपल्या भजनात रुळली. एवढा प्रवास केलेल्या पेटीला आमचं माजघरच तेवढं लांब का पडावं?

गेल्या चतुर्थीत आरतीला मी साथ केली. दोनदा चुकले. उसळ सासूबाईंनी वाढली, तीही हसत. मैत्रिणींनो, तुम्हीही एका आरतीपुरत्या तरी पेटीवर बसा!