पाठभेदांची गोळाबेरीज

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती एकेक ओवी ताडून. आज तेच काम अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कोणत्याही महाविद्यालयातील अभ्यासक संगणकावर करू शकतो. १९७४ च्या सुमारास युनिक्स प्रणालीत आलेली ‘डिफ’ ही आज्ञा दोन संहिता ओळीओळीने ताडते आणि किती ओळी वाढल्या, किती गळल्या याचा गोषवारा ‘डिफस्टॅट’ देते. हा आकडा ‘पाठभेदांची संख्या’ म्हणून प्रबंधात उतरविणे मात्र सर्वस्वी अशास्त्रीय होय.

इंदुप्रकाश छापखान्याची तुकारामगाथा (१८६९-७३) आणि १९६२ च्या लेखननियमांनुसार छापलेली एखादी गाथा समोरासमोर ठेवली, तर ‘नाहीं’ आणि ‘नाही’ एवढ्यानेच ओळीमागून ओळ बदललेली ठरेल. उलट ‘देव’च्या जागी ‘देह’ आला, तरी मोजदाद एकाच ओळीची! सलग छापलेली ओवी चरणशः तोडली, तर अक्षरही न बदलता फरक दिसेल. ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना तो एकच, यंत्राला मात्र दोन.

तुलनेपूर्वी अनुस्वार सरसकट काढून टाकावेत, हा उपाय सुचेल. परंतु ‘तें’ नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ पुल्लिंगी अनेकवचन. तो भेदच तेथे पुसला जातो. म्हणजे हे समानीकरणही संपादकीय निर्णयच ठरते. मूळ प्रत अबाधित ठेवून त्याचे नियम प्रबंधात नोंदविले पाहिजेत. प्रत्येक अभंग स्वतंत्र फाइलीत ठेवल्यास गोषवाऱ्यावरून कोणता अभंग आधी वाचावा, याचा फार तर अंदाज येतो.