नवरंगाची शीळ आणि आमचा मोबाइल

मृगाच्या आसपास मूलमधल्या आमच्या परसात नवरंग येतो. हिवाळा दक्षिण भारतात नाहीतर श्रीलंकेत काढून तो विणीसाठी आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पोहोचतो. सीताफळाखाली कुजलेला पाला उलटत, टुणटुण उड्या मारत किडे शोधतो. पाठ हिरवी, पंखावर निळा चट्टा, डोळ्यावरून काळी पट्टी, शेपटीखाली लालभडक. फजरनंतर त्याची दोन सुरांची शीळ ऐकत चहा घ्यायचा, हे आमचे पावसाळ्याचे सुख.

मागच्या वर्षी भाचा मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेऊन आला. नवरंग झुडपाबाहेर येईना. भाच्याने मोबाइलवर त्याचीच शीळ लावली. "मामू, दोनच मिनिटं." पक्षी तडक उघड्यावर आला आणि मान ताणून ओरडू लागला. फोटो सुरेख आला. मीच तो चार ग्रुपवर टाकला, खाली 'सुभानल्लाह' लिहून. दुसऱ्या दिवशी भाच्याचे दोन मित्र आले. पुन्हा मोबाइल, पुन्हा शीळ.

तिसऱ्या दिवशी परस गप्प होते. आमच्यामुळेच तो गेला, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण विणीच्या दिवसांत नराची शीळ म्हणजे हद्दीची ललकारी असते, हे मला नंतर कळले. आपल्या जागेत दुसरा नर घुसला, असे समजून तो बिचारा दाणापाणी सोडून नसलेल्या शत्रूला शोधत होता. ज्याला मी सौंदर्य म्हणून वाटले, ती त्याची घाबरगुंडी होती.

घरट्यांचे तर विचारूच नका. फोटो स्वच्छ यावा म्हणून समोरची डहाळी छाटतात; मग ते घरटे कावळ्यालाही स्वच्छ दिसते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणेही धरले आहे. बंदूक हातात असायलाच हवी असे नाही.

आपल्याकडे तर ही गोष्ट फार आधी सांगितलेली आहे. अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात अब्दुल्लाह बिन मसऊद यांची रिवायत आहे. प्रवासात काही सहाबांनी एका लहानशा पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पंख पसरून फडफडू लागली. पैगंबरांनी (स.) तिला कोणी दुखावले याची चौकशी केली आणि पिल्ले परत द्यायला लावली. त्या सहाबांनीही तिच्यावर बाण चालवला नव्हता.

सलीम अलींचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांनीही पक्षी मारले, नमुने गोळा केले, हे खरे. पण त्यातून पक्ष्यांचे शास्त्र उभे राहिले. आमच्या फोटोतून काय उभे राहिले? दीडशे लाइक.

यंदा भाचा आला तेव्हा आधी मोबाइल काढून घेतला. खिडकीच्या पडद्यामागे खुर्ची टाकून दिली. तीन संध्याकाळी बसला. एक फोटो मिळाला, त्यात निम्मा पक्षी बांबूच्या पानाआड आहे. तो मी अजून कुणाला पाठवलेला नाही.