सायगॉन बसमधून दिसत नाही

आमच्या भागातल्या ज्येष्ठ मंडळींमध्ये सध्या व्हिएतनामची साथ आली आहे. मुंबईहून थेट विमान मिळतं, युरोपच्या मानाने खर्च पुष्कळ कमी, मग काय! दर महिन्याला कोणीतरी जाऊन येतं आणि आल्यावर तीन वाक्यं हमखास ऐकवतं. "रस्त्यावर नुसता गोंधळ हो!" "जेवण मात्र अगदी आपलं मिळालं." आणि "सगळं किती स्वस्त!" एवढ्या गजबजलेल्या शहरात दोन दिवस काढून आलेल्या शिकल्यासवरलेल्या माणसाकडे सांगायला एवढंच असेल, तर माझ्या मते तो तिथे गेलाच नाही. त्याची बॅग तेवढी जाऊन आली.

मंडळी, रागावू नका. पण पस्तीस वर्षं मी मुलांकडून 'देशाटनाचे फायदे' या विषयावर निबंध लिहून घेतले आहेत. आता ते फायदे घ्यायची पाळी आपली आली, तर आपण काय करतो? वातानुकूलित बसमध्ये बसतो, ऊन लागतं म्हणून पडदा ओढतो आणि अंताक्षरी सुरू करतो. एखाद्या मुलाने असा निबंध लिहिला असता तर मी त्याला नापास केलं असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. हो चि मिन्ह सिटी (हे नाव १९७६ मध्ये अधिकृत झालं, बोलताना लोक अजून सायगॉनच म्हणतात) हे दुचाकीवरच्या माणसांचं शहर आहे. तिथे सत्तर लाखांहून अधिक मोटारसायकली आहेत. ते शहर दुचाकीच्या मागच्या सीटवरूनच कळतं. आणि आपल्याला, विशेषतः साठी-सत्तरीच्या लोकांना, ते काचेआडून दाखवणाऱ्या सहली आपली काळजी घेतात हा आपला गैरसमज आहे. त्या स्वतःची सोय बघतात.

२०२५ च्या फेब्रुवारीत मी आणि माझी धाकटी बहीण अशाच एका सहलीतून गेलो होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, सगळ्या सारख्याच. 'सायगॉन दर्शन' असं झालं: नोत्र दाम चर्च बाहेरून (दुरुस्ती २०१७ पासून चालू, म्हणून सगळीकडे परांच्या), समोरचं जुनं पोस्ट ऑफिस वीस मिनिटं, युद्धाचं संग्रहालय पाऊण तास, मग खरेदीला मार्केट, मग भारतीय जेवण. पाऊण तासात एवढं मोठं युद्ध उरकलं आणि मार्केटला दोन तास! संध्याकाळ 'मोकळी' होती, म्हणजे हॉटेलात पाय वर करून बसायचं. आम्ही दोघींनी हॉटेलातल्या मुलीकरवी मोटारसायकलवरून शहर दाखवणाऱ्या दोन मुली ठरवल्या. दर पाहुण्याला एक गाडी आणि एक चालक, चार तास. आमच्या सहलप्रमुखाने 'स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत' असं लिहून घेतलं. मुलाचा फोन आला, "आई, या वयात?" मी म्हटलं, "मग कोणत्या वयात? मागच्या जन्मी?"

आता त्या 'गोंधळा'बद्दल. उंचावरून, बंद काचेतून पाहिलं तर तो गोंधळ दिसतो हे खरं आहे. पण त्या प्रवाहात बसलात की दोन मिनिटांत कळतं, इथे एक नियम आहे आणि तो सगळ्यांना पाठ आहे. मधल्या वस्तीत वेग बेताचा. प्रत्येक जण आपल्या पुढच्या दहा-पंधरा फुटांकडे बघतो आणि पुढच्याला जागा करून देत सरकतो. एकदम थांबायचं नाही, एकदम वळायचं नाही, दुसऱ्याला अंदाज येईल असंच वागायचं. रस्ता ओलांडणाऱ्यालाही तेच सांगतात: हळू, एका चालीने चालत राहा, धावू नका, मागे फिरू नका, गाड्या तुमच्या दोन्ही बाजूंनी जातील. आणि जातात! हॉर्न वाजतो तो छोटा, 'मी इथे आहे' एवढं सांगण्यापुरता. आपल्याकडे हॉर्नचा अर्थ 'तू इथे का आहेस?' असा असतो.

आणि हे बोलतंय कोण? पुणेकर! ज्या शहराची ओळखच दुचाकींचं शहर अशी आहे, तिथली माणसं सायगॉनला जाऊन दुचाक्यांना नाकं मुरडतात. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं केलं आणि जवळजवळ सगळ्यांनी ते डोक्यावर घातलं. आपल्याकडे जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी सक्ती कडक केली तेव्हा त्याविरुद्ध आंदोलन झालं. तिकडे १ जानेवारी २०२५ पासून सिग्नल तोडणाऱ्या दुचाकीस्वाराला चाळीस ते साठ लाख डोंग, म्हणजे आपले साधारण तेरा ते वीस हजार रुपये, दंड आहे. मी गेले तेव्हा तो नियम नवाच होता. मध्यरात्रीच्या सुमारास, चौकात चिटपाखरू नसताना, माझी चालक मुलगी लाल दिव्याला थांबून राहिली होती. तिथले रस्ते स्वर्ग आहेत असं मी म्हणत नाही. अपघातात तिथेही दरवर्षी हजारो माणसं जातात. पण आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. 'गोंधळ' हा शब्द दुसऱ्याला चिकटवण्याआधी आपण जरा दमानं घ्यावं.

दुसरं, जेवण. "तिथे आपल्याला काही मिळत नाही" ही सहल कंपन्यांनी पसरवलेली भीती आहे. त्या देशात बौद्ध लोक पुष्कळ, आणि चांद्रमासाच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला शाकाहार पाळणारी कितीतरी घरं. शाकाहाराला शब्द आहे 'चाय', आपल्या चहासारखा, विसरायची सोयच नाही. पाटीवर तो शब्द दिसला की आत शिरायचं. (इतरत्र मात्र विचारून घ्या, माशाचा रस भाजीतही पडतो.) बान सेओ नावाचा पदार्थ खाल्ला. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, हळद, तव्यावर चर्र आवाज करत पसरलेलं, आत मूगडाळ आणि मोड. हे आपल्या घावनाचं चुलत भावंडच की! फूटपाथवरच्या वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मी ते खाल्लं. त्याच वेळी आमची बाकीची मंडळी हॉटेलात पनीर खात होती. पनीर आपल्या गल्लीतही मिळतं हो.

तिसरं दुखणं जास्त खोल आहे. आपण परदेशात जाऊन तिथेही स्वतःलाच शोधतो. व्हिएतनामला निघालं की व्हॉट्सॲपवर तो ठरावीक निरोप येतोच: अमेरिकेला हरवणाऱ्या व्हिएतनामी नेत्यांनी म्हणे शिवाजी महाराजांपासून स्फूर्ती घेतली, कोणाच्या तरी थडग्यावर तसं कोरलंय वगैरे. याला कसलाही विश्वसनीय पुरावा नाही. महाराजांच्या मोठेपणाला असल्या उसन्या दाखल्याची गरज आहे का? आणि ज्यांनी एवढं सोसलं, त्यांचा पराक्रमही आपल्याच खात्यावर जमा करायचा, ही कुठली रीत?

त्यांचे वीर त्यांच्या रस्त्यांवर उभे आहेत. नदीकाठच्या चौकात त्रान हुंग दाओचा पुतळा आहे, तेराव्या शतकात मंगोल फौजांना परतवणारा सेनापती. १९५४ मध्ये दिएन बिएन फू इथे फ्रेंचांना हरवणारा सेनापती व्हो न्गुयेन गियाप हा मुळात शाळेत इतिहास शिकवायचा. हे ऐकून मला केवढं बरं वाटलं, ते शिक्षकांनाच कळेल.

आणि 'हाय बा ट्रुंग' नावाचा मोठा रस्ता आहे. त्यामागची गोष्ट मला त्या चालक मुलीमुळे कळली. गाडीवर बसायच्या आधी तिने पहिला प्रश्न विचारला, "तुमचं वय काय?" तिथे हा उद्धटपणा नव्हे. वयाचा अंदाज घेतल्याशिवाय समोरच्याला काय म्हणावं तेच ठरत नाही. आपल्या ताई, मावशी, आजीसारखीच त्यांची नाती, आणि तीच सर्वनामंसुद्धा. माझं वय त्र्याहत्तर कळल्यावर मी 'बा' झाले, म्हणजे आजी, मानाची बाई. पुढे त्या रस्त्यावर पाटी दाखवून ती म्हणाली, हेच ते 'बा'. हाय बा ट्रुंग म्हणजे ट्रुंग घराण्यातल्या दोन बाया. इसवी सन ४० मध्ये चीनच्या हान सत्तेविरुद्ध उठलेल्या दोन सख्ख्या बहिणी! शेजारच्या गाडीवरून माझी बहीण ओरडली, "ताई, ऐकलंस का?" बसमध्ये माझा आसन क्रमांक चौदा होता. तिथे मला कोणी वय विचारलं नाही आणि मानही दिला नाही.

एका साध्या चौकात आम्ही थांबलो. गाड्या चारही बाजूंनी वाहत होत्या आणि कोपऱ्यावर एक स्मारक. ११ जून १९६३ ला याच चौकात थिक क्वांग डुक या बौद्ध भिक्षूने, दिएम सरकारच्या बौद्धांवरच्या दडपशाहीच्या निषेधार्थ, पद्मासनात बसून स्वतःला जाळून घेतलं. तो फोटो मी पाहिलेला होता. पण ती जागा एक चालता-बोलता चौक आहे, तिथे रोज लोक दिवा हिरवा होण्याची वाट बघतात, हे मला गाडीवर बसल्यामुळे कळलं. आमच्या 'दर्शना'त तो चौक नव्हताच.

मग बोळ. त्यांना तिथे 'हेम' म्हणतात. मुख्य रस्त्याला बोळ, बोळाला पोटबोळ, आणि पत्त्यात प्रत्येक वळणाला एक तिरकी रेघ. रेघा वाढल्या की समजायचं, घर आणखी आत. शहरातली किती तरी वस्ती या बोळांत राहते आणि तिथे बस जाऊच शकत नाही. दारात भाजी निवडणाऱ्या बायका, गृहपाठ करणारी मुलं, घराच्या पुढच्या खोलीतच दुकान.

माझा भाचा इथे आक्षेप घेतो. "मावशी, हे गरिबांची घरं बघायला जाणं नाही का?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं. बसच्या उंचीवरून आपण बघतो आणि ते फक्त दिसतात. गाडीवर तुमचा गुडघा त्यांच्या स्टुलाच्या पातळीला येतो. ते तुम्हालाही बघतात, हसतात, तुमच्या कुंकवाबद्दल विचारतात. पथ्य एवढंच, की बोळात फोन पर्समध्ये ठेवायचा आणि काही खाल्लं-घेतलं तर घासाघीस करायची नाही. ही सहलही विकतचीच, मुलीचे दोन-तीन विनोद पाठ केलेले होते, हे मला दिसत होतं. पण पैसे तिच्या हातात गेले, आणि चार तास तिने माझ्याशी माणसासारख्या गप्पा मारल्या.

राहिला धोका. आहे ना! म्हणून डोळे उघडे ठेवून जा. हाडं ठिसूळ असतील, चक्कर येत असेल तर मुळीच बसू नका. स्वतः गाडी चालवायचा विचारही नको. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावून घ्या, सायलेन्सर उजवीकडे असतो तो पोटरीला लागू देऊ नका, दोन्हीकडे पाय टाकून बसा, साडीचा हट्ट नको. साधारण मे ते नोव्हेंबर पावसाचे दिवस, ते टाळा. आणि प्रवास विम्याचा कागद आधी वाचा, दुचाकीच्या अटी असतात. एवढं केल्यावरही जोखीम उरते. पण पुण्यात रोज रिक्षातून भाजी आणताना ती उरत नाही का?

मुलांना एक सांगायचं आहे. आईवडिलांना पैसे खर्चून परदेशी पाठवता, त्यात तुमचं प्रेम आहे. पण त्या प्रेमापोटी आम्हाला काचेच्या कपाटात ठेवू नका. ज्या आईने तुम्हाला लुनाच्या पुढ्यात उभं करून शाळेत सोडलं, तिला तोल सांभाळता येतो.

आणि समवयस्कांनो, पुढच्या वेळी सहलीचे पैसे भरताना जेवणात गोड काय आहे ते नंतर विचारा. आधी विचारा, प्रत्येक शहरात मोकळी संध्याकाळ किती आणि त्या संध्याकाळी आम्ही कुठे गेलो तर तुमची हरकत नाही ना? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पैसे परत पर्समध्ये ठेवा.

ज्यांना हे पटलं नाही त्यांनी घरी भांडायला यावं. चहा टाकते.