चुंबकाची मेख

२ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जगभरच्या मालावर आयातशुल्काचा आसूड उगारला. चीनच्या बाबतीत हे शुल्क पाहता पाहता १४५ टक्क्यांवर गेले. चीननेही १२५ टक्के शुल्क लावले. परंतु बीजिंगचे खरे उत्तर शुल्काचे नव्हतेच. ४ एप्रिल रोजी समॅरियम, टर्बियम, डिस्प्रोशियम आदी सात दुर्मीळ धातू आणि त्यांपासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याची अट बसली. शाळेतील रसायनशास्त्राच्या तक्त्याखेरीज ही नावे कोणाला कुठे भेटली असतील? त्या चुंबकांअभावी फोर्डला मे महिन्यात शिकागोतील कारखाना काही दिवस बंद ठेवावा लागला. १२ मे रोजी जीनिव्हात तडजोड झाली आणि अमेरिकेचे शुल्क ३० टक्क्यांवर उतरले.

जगाच्या अर्थकारणाचे नेतृत्व कोणाकडे, याची चर्चा आपल्याकडे बहुधा डॉलरभोवतीच फिरते. डॉलरचे सामर्थ्य खोटे नव्हे. २०२२ मध्ये पाश्चात्त्यांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली, तेव्हा त्याचा प्रत्यय आला. पण डॉलर छापता येतो. डिस्प्रोशियम छापता येत नाही.

अमेरिकेवर ही वेळ तिनेच आणली. कॅलिफोर्नियातील माउंटन पासची खाण १९८०च्या दशकापर्यंत जगाला हे धातू पुरवत असे. निओडिमियमचे शक्तिशाली चुंबक त्याच दशकात जपानच्या सुमितोमोने आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्सने स्वतंत्रपणे विकसित केले. मात्र जनरल मोटर्सने त्यासाठी उभारलेली मॅग्नेक्वेंच ही कंपनी १९९५ मध्ये ज्या गटाला विकली, त्यात चिनी सरकारी कंपन्या होत्या. वॉशिंग्टनने संमती दिली. काही वर्षांत इंडियानातील उत्पादन चीनमध्ये गेले. भागधारकांना नफा मिळाला, ग्राहकाला स्वस्त माल मिळाला. राष्ट्राचे काय गेले, याची नोंद कोणत्याच खातेवहीत नव्हती. चीनने मात्र बाओटौ परिसरातील पाणी आणि जमीन नासू दिली, भाव पाडले आणि शुद्धीकरणाची सुमारे ९० टक्के क्षमता आपल्या मुठीत आणली. यात कौतुक करण्यासारखे फार थोडे आहे, शिकण्यासारखे पुष्कळ.

जपान ते शिकला. २०१० मध्ये सेनकाकू बेटांच्या वादात त्याचा पुरवठा अडला, तेव्हा त्याने निषेधाचे खलिते धाडून न थांबता २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत भांडवल गुंतवले.

आणि आपण? इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० मध्ये स्थापन झाली. केरळात आलुवा येथे मोनाझाइट वाळूवर प्रक्रियाही सुरू झाली. आपला साठा सुमारे ६९ लाख टनांचा, जगातील मोठ्या साठ्यांपैकी एक. तरीही २०२४ मधील आपले उत्पादन जेमतेम २,९०० टन, तर चीनचे २ लाख ७० हजार. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने ही वाळू अणुऊर्जेच्या कायद्याखाली येते, ही अडचण खरी. पण पाऊण शतकाची दिरंगाई तेवढ्याने झाकत नाही. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोला याच चुंबकांसाठी विजेवरील स्कूटरचे उत्पादन घटवावे लागले. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्षाला ६,००० टन चुंबके देशातच बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची सात वर्षांची योजना मंजूर केली. त्यांतील पहिली दोन वर्षे कारखाने उभारण्यासाठीच आहेत.